बसवतानाच लिहिलेली यादी

संगणकावरचा एखादा प्रोग्राम काढून टाकायचा म्हणजे त्याच्या फाइली पुसायच्या, असा सर्वसाधारण समज असतो. कमांड लाइनचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पुसण्याची सोय युनिक्समध्ये पहिल्यापासून आहे. 1971 च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच 'आरएम' ही कमांड सापडते. तरीही बसवलेला प्रोग्राम सुखरूप काढता यायला मध्ये बरीच वर्षे जावी लागली. कारण अडचण पुसण्याची नव्हतीच. कोणती फाइल कोणाची, हे कळण्याची होती. युनिक्समध्ये एका प्रोग्रामचे सामान एका जागी राहत नाही. चालवायची फाइल 'बिन'मध्ये, लायब्ररी 'लिब'मध्ये, सेटिंग 'ईटीसी'मध्ये, माहितीपत्रक आणखी तिसरीकडे. तिथेच शेजारी दुसऱ्या शंभर प्रोग्रामांचे सामान पडलेले. 'आरएम'ला तुम्ही नाव सांगाल ती फाइल ती काढते; मालक कोण, हे तिला माहीत नसते. त्या काळी सोर्स कोड उतरवून घ्यायचा, कंपाइल करायचा आणि 'मेक इन्स्टॉल' म्हणायचे, ही रीत होती. 'मेक अनइन्स्टॉल' असावे असे ग्नूचे संकेत सांगत, पण ते लिहिणे मूळ लेखकाच्या मर्जीवर होते, आणि ते चालवायला तोच सोर्स कोड त्याच मांडणीत जपून ठेवलेला असावा लागे. म्हणून माझे म्हणणे असे की, प्रोग्राम काढण्याचे तंत्र हे मुळात नोंद ठेवण्याचे तंत्र आहे, आणि त्याची खरी प्रगती मालकी ओळखण्यात झाली आहे.

एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह रिलीज 4 मध्ये 'पीकेजीअ‍ॅड' आणि 'पीकेजीआरएम' ही जोडी दिसते, आणि तिच्यातून ही गोष्ट स्पष्ट होते. पुढे सोलॅरिसनेही हीच जोडी वापरली. बसवलेल्या प्रत्येक फाइलची ओळ एका मोठ्या मजकुरी फाइलमध्ये लिहिली जाई आणि ओळीच्या शेवटी पॅकेजचे, म्हणजे ती फाइल ज्या गठ्ठ्यातून आली त्याचे, नाव असे. एकच फाइल दोन पॅकेजांची असेल तर दोन्ही नावे. काढताना एक नाव खोडायचे. दुसरे शिल्लक असेल तर फाइलला हात लावायचा नाही. 1993 साली पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी काढलेल्या स्लॅकवेअर या लिनक्स वितरणाने तेच साधेपणाने केले. तिथे प्रत्येक पॅकेजची यादी वेगळी, आणि 'रिमूव्हपीकेजी' ती वाचून, इतर याद्यांशी ताडून मगच फाइली काढते.

पुढची पायरी डेबियनने गाठली, आणि माझ्या मते या कुळातला सगळ्यात विचारी टप्पा तोच आहे. ऑगस्ट 1993 मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन या लिनक्स वितरणाची घोषणा केली. त्याचे पॅकेज हाताळणारे 'डीपीकेजी' आधी शेल स्क्रिप्ट होते, मग पर्लमध्ये आले, आणि त्यानंतर त्याचा मोठा भाग इयान जॅक्सन यांनी सी भाषेत लिहिला. यादी तर इथेही होती, पण त्या यादीतल्या सगळ्या फाइली एका मालकाच्या धरल्या नाहीत. प्रोग्रामचा भाग पॅकेजचा. सेटिंगची फाइल पॅकेजसोबत आली तरी प्रशासकाने तिच्यात बदल केला की त्या बदलामागे त्याची मेहनत असते. म्हणून काढण्याच्या दोन आज्ञा ठेवल्या. 'रिमूव्ह' म्हटले की प्रोग्राम जातो आणि सेटिंग राहते. 'पर्ज' म्हटले की तीही जाते.

'रिमूव्ह'ची वाटचाल जवळून पाहण्यासारखी आहे. आधी पॅकेजची 'प्रीआरएम' स्क्रिप्ट चालते आणि चालू सेवा थांबवते. मग यादी खालून वर वाचत फाइली काढल्या जातात, म्हणजे फोल्डरची पाळी त्याच्या आतल्या सामानानंतर येते. फोल्डरमध्ये तुम्ही स्वतः एखादी फाइल ठेवली असेल तर 'फोल्डर रिकामे नाही, म्हणून काढले नाही' असा निरोप देऊन डीपीकेजी पुढे जाते. त्या निरोपाला अनेक जण चूक समजतात; खरे तर आपले नसलेले सामान ओळखून ते बाजूला ठेवल्याची ती ग्वाही आहे. शेवटी 'पोस्टआरएम' स्क्रिप्ट चालते. ती स्क्रिप्ट आणि उरलेल्या सेटिंगची छोटी यादी मुद्दाम मागे ठेवली जाते, कारण उद्या 'पर्ज' करायचे झाले तर तीच लागणार. पॅकेजांच्या यादीत अशा नावापुढे 'आरसी' ही दोन अक्षरे दिसतात. पहिले अक्षर सांगते की काढायला सांगितले आहे, दुसरे सांगते की सेटिंग अजून आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, काढा म्हटल्यावर काहीतरी मागे ठेवणे हा अर्धवटपणा आहे, स्वच्छ काढणे हाच मूळ नियम हवा. आक्षेप अगदीच निराधार नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या सर्व्हरवर 'आरसी'च्या ओळी साचतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही. पण दोन्ही बाजूंचे नुकसान सारखे नाही. चार किलोबाइटची फाइल उगाच राहिली तर काही बिघडत नाही. घासूनपुसून बसवलेली सेटिंग उगाच गेली तर ती परत मिळत नाही. रेड हॅटच्या 'आरपीएम'ने दुसरी वाट धरली. 'आरपीएम'मध्ये काढण्याची आज्ञा एकच, पण सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली असेल तर ती पुसत नाहीत, नावाच्या शेवटी 'आरपीएमसेव्ह' जोडून ठेवतात. पद्धत निराळी, निष्कर्ष तोच. डेबियनमध्ये मायएसक्यूएलसारख्या पॅकेजचे 'पर्ज' करतानाही, आतले डेटाबेस काढायचे का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जातो. आज्ञा कितीही कडक असली तरी माणसाचा डेटा तिच्यात आपोआप धरलेला नाही.

मालकीचा दुसरा गुंता अवलंबनाचा. एका पॅकेजसाठी दहा लायब्ररी येतात. पॅकेज गेल्यावर त्या कोणाच्या? 1999 च्या डेबियन 2.1 सोबत आलेल्या 'एपीटी'ला अवलंबन सोडवता येई, पण कोणते पॅकेज माणसाने मागितले आणि कोणते ओघाने आले, हे ते लक्षात ठेवत नसे. ती खूण आधी 'अ‍ॅप्टिट्यूड'ने ठेवली, मग 'एपीटी'ने 'ऑटोरिमूव्ह'च्या रूपाने घेतली. म्हणजे पुन्हा नोंदच, फक्त या वेळी फाइलची नाही, हेतूची. या नोंदीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. पूर्ण डेस्कटॉप आणणारे एखादे नाममात्र पॅकेज गेले की त्याच्यामागून आलेले बरेच काही अनाथ ठरू शकते आणि 'ऑटोरिमूव्ह' ते काढायला निघते. ज्यांना ते हवे आहे त्यांनी 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करून तसे सांगावे लागते.

2021 च्या नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या यूट्यूब चॅनेलवर अवलंबनाच्या गुंत्याचा टोकाचा नमुना जगाने पाहिला. पॉप ओएस या लिनक्स वितरणावर स्टीम हे गेमचे अ‍ॅप बसवताना एपीटीने डेस्कटॉपच काढण्याचा बेत मांडला, खात्रीचे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले, ते टाइप झाले आणि डेस्कटॉप गेला. इशारा तर पडद्यावर होता, असे म्हणून वापरणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. त्याने काही बसवायला सांगितले होते, काढायला नव्हे. पुढे एपीटीच्या हिशेबातच बदल झाला. काहीतरी बसवता यावे म्हणून अत्यावश्यक पॅकेज काढण्याचा मार्ग आता ते स्वतःहून शोधत नाही.

डिस्क आता स्वस्त आहे, मग काढायचेच कशाला, असेही विचारतात. जागा हा यातला सर्वांत हलका मुद्दा. न लागणारी सेवा चालू राहते, पोर्ट उघडे ठेवते, आणि तिच्यातली सुरक्षेची भोके बुजवत राहण्याचे काम तुमच्या अंगावर पडते. दुसरे म्हणणे अधिक वजनाचे आहे: प्रत्येक अ‍ॅप आपापल्या बंद डब्यात ठेवले, तर यादीची गरजच उरणार नाही. फ्लॅटपॅकने बऱ्याच अंशी तसे केले आहे. पण तिथे 'अनइन्स्टॉल' म्हटल्यावर अ‍ॅप जाते आणि त्याचा डेटा होम फोल्डरमधल्या 'व्हार'खाली तसाच राहतो. तोही घालवायचा तर 'डिलीट-डेटा' असे वेगळे लिहावे लागते. फाइली एका डब्यात आल्या तरी कोणते सामान अ‍ॅपचे आणि कोणते माणसाचे, हे फ्लॅटपॅकलाही ठरवावेच लागले, आणि त्याचे उत्तर डेबियनच्या 'रिमूव्ह' आणि 'पर्ज'पेक्षा फारसे निराळे निघाले नाही.