वाणीचा हुरडा

अल्प प्रमाणात, एकामागून एक आणि केवळ त्या मोसमातच मिळणारे आठ-दहा पदार्थ पाहुण्यापुढे ठेवावेत आणि निवडीचा अधिकार त्याच्याकडे न देता आचाऱ्याने स्वतःकडेच राखावा, ही जी भोजनपद्धती आज फ्रेंच उपाहारगृहांचे भूषण समजली जाते, ती वाटते तितकी पुरातन नाही. अठराव्या शतकातील फ्रेंच उमरावांच्या मेजावर एका पाळीचे सगळे जिन्नस एकदमच मांडले जात. पदार्थ क्रमाने वाढण्याचा शिरस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाचा वकील कुराकिन याने पॅरिसला नेला असे मानतात, आणि तो रूढ होण्यास पुढे कित्येक दशके लागली. १९०३ साली एस्कॉफिए या बल्लवाचार्याचा पाकग्रंथ निघाला. परंतु मोसमाचा आग्रह त्याहूनही अलीकडचा, म्हणजे १९७३ साली गो आणि मियो या दोन टीकाकारांनी नव्या पाककलेचा जाहीरनामा काढून बाजारात आज ताजे आले असेल तेच शिजवा असे बजावले, त्या सुमारास बळावलेला आहे.

पॅरिसला ज्यासाठी जाहीरनामा काढावा लागला, ते यवतमाळ जिल्ह्यात निव्वळ वहिवाटीने चालत आले होते. मृगाचा पाऊस पडला की बांधावरचा कोवळा तरोटा, आषाढी द्वादशीच्या पारण्याला वाघाटे, श्रावणात काटवल, मार्गशीर्षात रोडगे आणि वांग्याची भाजी, माघात हरभऱ्याच्या घाट्यांचा हुळा, आणि केळापूर-झरीकडच्या कोलाम-गोंड वस्त्यांत चैत्राच्या तोंडावर मोहफुले व चारोळी, असा हा वर्षाचा क्रम असून त्यात आचाऱ्याच्या प्रतिभेला वाव थोडा आणि पंचांगाचा अंमल फार. या सर्वांत मानाचे पान मात्र हुरड्याचे, म्हणजे ज्वारीच्या कोवळ्या भाजलेल्या दाण्यांचे, आणि त्या ज्वारीला या मुलखात कापसासमोर टिकून राहावे लागले.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, १८६१ नंतर अमेरिकेतील यादवीने कापसाचे भाव चढले, आणि ज्याला तेव्हा वणी जिल्हा म्हणत व १९०५ पासून यवतमाळ जिल्हा म्हणू लागले, त्या मुलखाची काळी जमीन कापसाखाली जाऊ लागली. तरीही ज्वारी हटली नाही, कारण माणसाला भाकर आणि बैलाला कडबा ही दोन्ही देणी एकाच पिकातून भागत होती. खाण्याच्या ज्वारीच्या वावरातच दोन-चार तास, म्हणजे ओळी, वाणीचे टाकीत. वाणी ही खास हुरड्याची ज्वारी. तिचा दाणा गोड, आणि ती विकण्यासाठी नव्हे तर पाहुण्यांसाठी पेरलेली असे.

कणीस कधी मोडावे यातच सगळे शास्त्र आहे. दाण्यावर नख दाबून पातळ चीक उडाला तर घाई झाली, नख रुतलेच नाही तर उशीर झाला, आणि या दोहोंमधले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गोवऱ्यांची आगटी पेटवून धूर सरला, निखारे राखेने मंदावले, की कणसे त्यात खुपसायची, फिरवायची, आणि हात पोळत असतानाच चोळून, सुपात पाखडून, कूस उडवून हिरवट दाणे पाहुण्यापुढे ओतायचे. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी, दही, गूळ. त्याच निखाऱ्यात भाजलेले वांगे. इथे क्रम ठरवणारा आगटीजवळ बसलेला असतो, आणि पाहुण्याने ‘आता पुरे’ म्हटले तरी पुढचे कणीस विस्तवात पडलेलेच असते. पॅरिसचा आचारी जिन्नस शहरात मागवून घेतो. वऱ्हाडी यजमान पाहुण्यालाच वावरात बोलावतो, आणि माझ्या मते ताजेपणाच्या कसोटीवर दुसरी रीत अधिक सरस आहे.

ही रीत मोडली कशी, हेही याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे बियाणे प्रसृत झाले, आणि पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक, जे १९६३ पासून राज्याचे मुख्यमंत्री होते, त्यांनी संकरित वाणांचा नेटाने पुरस्कार केला. दुष्काळाच्या त्या काळात उत्पादन वाढवणे हे निकडीचे होते, त्यामुळे त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु लवकर निसवणारी ती ज्वारी परतीच्या पावसात सापडून काळी पडे, आणि तिच्या भाकरीविषयी म्हाताऱ्यांची कुरकुर चाले, हेही खरेच. पुढे सोयाबीन आले, पाखरे आणि रानडुकरे यांच्या त्रासाने ज्वारी राखणे जिकिरीचे झाले, जागलीला गडी मिळेना, आणि ज्वारीसोबत वाणीचे तासही गेले. आता हुरडा शहराबाहेरच्या शेतांवर तिकीट लावून मिळतो; गोडी असते, यजमान नसतो.

ज्यांच्या घरी अजून वावर आहे आणि ज्यांच्या मडक्यात वाणीचे मूठभर बी उरले आहे, त्यांनी यंदा पेरणीच्या वेळी तुरीच्या कडेने दोन तास तेवढे टाकावेत, आणि बी उरले तर शेजाऱ्यालाही द्यावे.