लवाद

३. लवाद : दोन्ही पक्षांनी आपखुशीने निवडलेला तिऱ्हाईत. त्याचा निकाल मानायचा, हे आधीच कबूल केलेले असते. शब्दाच्या पोटात संस्कृत 'वाद' दिसतो खरा, पण तो केवळ भास. हा शब्द पोर्तुगीज 'लोवादु'वरून आला. अर्थ, पक्षकारांनी पसंत केलेला पारखी वा मध्यस्थ. त्याच्या मुळाशी लॅटिन 'लाउदारे', म्हणजे वाखाणणे. स्पॅनिशमध्ये अशा मध्यस्थाच्या निकालाला आजही 'लाउदो' म्हणतात. पगार, चावी, बटाटा हेही पोर्तुगिजांकडूनच मराठीत आले. लवाद त्यांच्याइतकाच मुरला, म्हणून परका वाटत नाही.

लेखक येथे 'दोन लवाद बसले' म्हणतो ते जुन्या अर्थाने : लवाद म्हणजे माणूस, प्रत्येक बाजूचा एक. संस्था किंवा प्रक्रिया हा अर्थ नंतर चिकटला. १९६९ साली स्थापन झालेल्या कृष्णा पाणी तंटा लवादाच्या नावात तोच आहे. काटेकोर पाहता तेथे 'न्यायाधिकरण' हवे होते, कारण त्यावरील न्यायाधीश भांडणाऱ्या राज्यांनी निवडलेले नव्हते.

याच परिच्छेदातील 'महजर' निराळा. गोतसभेने दिलेल्या निवाड्याचा तो लेख. त्यावर सभेस उपस्थित असलेल्यांच्या साक्षी व निशाण्या असत. शब्द अरबी, 'हजर'च्याच धातूचा.