मुलांना चित्रकला शिकवायचीय? मोबाईलवर काय शोधाल, कसं शोधाल

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात. इथं चित्रकलेच्या क्लासची कमी नाही. पण धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या पोरांना घरीच शिकवायचं असेल तर? मी दर रविवारी गल्लीतल्या पाच-सहा मुलांना शिकवतो, त्यासाठी लागणारं सगळं मोबाईलवरच शोधतो.

अडचण एकच आहे. 'इझी ड्रॉइंग' असं सर्च केलं की मूल पडद्यावरची रेघ बघून तशीच रेघ मारतं. व्हिडिओ थांबला की हातही थांबतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे: जे साहित्य मुलाला मोबाईल सोडून समोरची वस्तू बघायला लावतं, ते चांगलं.

कुठे शोधाल?

ई-बालभारती: वेबसाईटवर इयत्ता आणि माध्यम निवडलं की पुस्तकाची पीडीएफ मोफत मिळते. प्राथमिक वर्गांसाठीचं 'खेळू, करू, शिकू' जरूर बघा. त्यात कलाशिक्षणाच्या सोप्या कृती मराठीत आहेत.

एनसीईआरटी: २०२४ मध्ये कलेची नवी पुस्तकं आली: तिसरीसाठी 'बांसुरी', सहावीसाठी 'कृति'. हिंदी-इंग्रजी वाचता येत असेल तर तुमच्यासाठी उपयोगी.

अरविंद गुप्ता यांची वेबसाईट: कागद, काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे अशा वस्तूंतून खेळणी कशी बनवायची, ते इथं दाखवलंय. पुस्तकं आणि व्हिडिओ मोफत, मराठीतही. चित्राचा कंटाळा करणारी मुलं इथं रमतात.

गुगल आर्ट्स अँड कल्चर: जगभरातल्या संग्रहालयांतली चित्रं झूम करून ब्रशचा फटकारासुद्धा बघता येतो. मुलांना विचारा, 'या चित्रात उजेड कुठून येतोय?' पाच मिनिटांचा मस्त खेळ होतो.

सर्चमध्ये काय लिहाल?

वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती हे शब्द वापरा. शासकीय रेखाकला परीक्षांमध्ये (एलिमेंटरी, इंटरमिजिएट) हेच शब्द चालतात, त्यामुळे कलाशिक्षकांनी टप्प्याटप्प्यानं समजावलेलं साहित्य सापडतं. पुस्तक हवं असेल तर शेवटी 'पीडीएफ' जोडा.

यूट्यूबवर स्पीड कमी करून बघा आणि ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तिसरा व्हिडिओ कार्टूनचाच लागतो. लहान मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा असेल तर यूट्यूब किड्समध्ये तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सेटिंग करता येते.

कॉपीराईटचं काय?

भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या चित्रांवरचा कॉपीराईट संपतो. आबालाल १९३१ मध्ये गेले, बाबूराव पेंटर १९५४ मध्ये. त्यामुळे त्यांची चित्रं वापरायला अडचण नाही. आजच्या चित्रकाराचं काम मात्र विचारल्याशिवाय वर्कशीटमध्ये किंवा रीलमध्ये टाकू नका. गुगल इमेजेसमध्ये टूल्स, मग युसेज राइट्स इथं जाऊन क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलं की वापराची परवानगी असलेली चित्रं वेगळी होतात. तरी त्या-त्या चित्राच्या अटी एकदा वाचाच.

दहा मिनिटं मोबाईल, बाकी वेळ कागद

माझा तास असा चालतो: दहा मिनिटं स्क्रीनवर बघायचं, मग मोबाईल पालथा. समोर तांब्या नाहीतर कोल्हापुरी चप्पल ठेवायची आणि तीच बघून काढायची. पुढच्या वेळी मुलांना रंकाळ्यावर फिरवून आणायचं आणि घरी येऊन आठवेल तसं काढायला सांगायचं. झालं स्मरणचित्र!

जमलं तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय दाखवा. अभिनेता म्हणून गाजलेल्या या माणसाची पावडर शेडिंगची चित्रं मुलं डोळे मोठे करून बघतात. स्क्रीनवर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. खरं चित्र केवढं असतं, ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं.