मातीच्या गडावरील नवी शिबंदी

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले म्हणजे खारघरच्या इमारतींच्या आवारांत, जिन्याखालीं, मोटारी उभ्या करण्याच्या जागेच्या एखाद्या कोपऱ्यांत मुलांची धांदल सुरू होते. विटा, दगड, गोणपाट आणि माती एवढ्या भांडवलावर गड उभा राहतो. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली कीं चार-सहा दिवसांत तिचें रान माजतें. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून जुना खोका खालीं उतरतो. त्यांत गतवर्षींची शिबंदी कागदांत गुंडाळून ठेवलेली असते. कोणाचा भाला मोडलेला, कोणाची ढाल उडालेली, एखाद्या तुतारीवाल्याची तुतारीच नाहींशी झालेली. मोजदाद झाली म्हणजे यंदां नवीन काय आणावयाचें याचा खल चालतो. या मातीच्या मूर्तींना जुन्या घरांतून ‘चित्रें’ म्हणत. आतां सरसकट ‘मावळे’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, मग हातांत भाला घेतलेला पहारेकरी असो कीं डोक्यावर घागरी घेतलेली गवळण असो!

संग्रहांत कोणती भर घालावी हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. पटावर लढाई मांडण्याची कल्पना आपल्याच देशांतील. हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांचा चतुरंग येथूनच इराणांत व पुढें युरोपांत गेला. त्याच बुद्धिबळाचा विस्तार करून ब्रन्सविकच्या हेलविग नांवाच्या शिक्षकानें १७८० सालीं सोळाशेंहून अधिक घरांचा युद्धपट तयार केला. पुढें रायस्विट्झ नांवाच्या प्रशियन गृहस्थानें घरें काढून टाकलीं व डोंगर, नद्या, रस्ते दाखविणारें मेजच राजापुढें मांडलें. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाचे रीतसर नियम छापले. दोन पक्ष, मध्यें पंच, आणि दैवाचा वांटा फांशांवर सोंपविलेला, अशी त्याची रचना. खेळ पाहून प्रशियाचा सेनापति म्युफ्लिंग एवढा प्रसन्न झाला कीं त्यानें तो सैन्यांत चालू करविला. दिवाणखान्यांतील खेळ अशा रीतीनें सेनापतींच्या शाळेंत गेला.

इकडे मुलांच्या खेळण्यांचीही मजल पुढें गेली होती. न्यूरेंबर्गचे कारागीर कथलाचे चपटे शिपाई ओतीत. १८९३ सालीं लंडनच्या ब्रिटन नांवाच्या कारखानदारानें आंतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले आणि ते स्वस्त झाल्यामुळें घरोघर पोंचले. एच. जी. वेल्स या नामांकित ग्रंथकारानें १९१३ सालीं याच शिपायांच्या लढाईवर एक पुस्तक लिहिलें. पुढच्याच वर्षीं खरें महायुद्ध पेटलें. आज या छंदाचा प्रसार जगभर आहे, आणि छंदिष्ट मंडळी इंचभर उंचीच्या मूर्ती रंगवून पलटणीच्या पलटणी जमवितात.

आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांत व या खेळांत एक ठळक भेद आहे. अफझलखानाच्या भेटीचा देखावा सोडला तर मातीच्या गडावर शत्रूचा शिपाई क्वचितच दिसतो. फांसे नाहींत, पंच नाहीं, जयपराजय नाहीं. महाराज वर सिंहासनावर बसलेले, आणि खालीं सारे आपापल्या जागीं उभे. लढाईपेक्षां गड राखणें हाच या खेळाचा विषय; आणि गड कसा राखला जाई याचें ज्ञान मराठी ग्रंथांतून भरपूर मिळतें. दुर्दैवानें बाजारांत मात्र भालाईत व ढालाईत यांचीच गर्दी फार!

कृष्णाजी अनंत सभासदानें राजाराम महाराज जिंजीस असतां, १६९७ च्या सुमारास, जी बखर लिहिली तींत गडाची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सरनोबत व सबनीस हे तिघे सारख्याच दर्जाचे. तिघांनीं मिळून कारभार करावयाचा. धान्याचा व सामानाचा संग्रह कारखानिसाकडे. एकट्याच्या फितुरीनें गड शत्रूच्या स्वाधीन होऊं नये हें या वांटणीचें इंगित. (ज्या जिंजीवर राजाराम महाराजांनीं आश्रय घेतला, तो किल्ला ११ जुलै २०२५ रोजीं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकीं एक आहे, बाकीचे अकरा महाराष्ट्रांतले.) रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर याहून बारीक सूचना आहेत. गड बांधण्यापूर्वीं त्या जागीं पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें, गडास एकच दरवाजा असणें हें मोठें न्यून, चोरवाटा असाव्या, दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा.

हे नियम घेऊन एखाद्या आवारांतला किल्ला तपासला तर काय दिसतें? महाद्वार एकच, आणि तेंही समोरासमोर. टांकें असलेंच तर शोभेपुरतें, आरशाच्या तुकड्याचें. कोठार नाहीं. सबनीस तर नाहींच नाहीं. त्याचें चित्र बाजारांत सहसा मिळत नाहीं, कारण पाटावर कागद घेऊन बसलेल्या माणसांत विकत घेण्यासारखें काय आहे, असें विक्रेत्यास वाटत असावें! परंतु हजेरी ठेवणारा व धान्य मोजणारा नसेल तर वेढा पडल्यावर भालाईतानें खावें काय? मूठभर चिकणमातींत असा सबनीस घरींच होतो. शेजारीं कारखानीस, काडीच्या कावडीनें पाणी वाहणारा एक गडी, आणि गडाच्या मागल्या अंगास एक दिंडी, एवढी भर पडली तरी गडाला जीव येतो.

रामशेजचें उदाहरण या संदर्भांत पाहण्यासारखें आहे. नाशिकजवळच्या या लहानशा किल्ल्यास १६८२ सालीं मोगलांनीं वेढा घातला आणि पुढें पांच वर्षें किल्ला त्यांच्या हातीं लागला नाहीं. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. मराठ्यांनीं लांकडाच्या तोफा करून डागल्या, अशी नोंद खाफीखान या मोगलांकडील इतिहासकारानेंच केली आहे. मोगलांनीं किल्ल्यांत मारा करण्यासाठीं लांकडांचा उंच दमदमा रचला, तोही व्यर्थ गेला. आगपेटीच्या काड्या दोऱ्यानें बांधून केलेली तोफ एखाद्या बुरुजावर दिसली, तर पाहणाऱ्यानें हंसूं नये. पितळी तोफेहून ती अधिक खरी आहे.

प्रमाणाचा घोटाळा मात्र सुटावयाचा नाहीं. साडेपांच फुटांचा मनुष्य चार इंचांचा केला म्हणजे प्रमाण सोळास एक झालें. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारें ८२० मीटर उंच. या हिशेबानें तो पन्नास मीटर बांधावा लागेल, म्हणजे खारघरच्या पंधरा-सोळा मजली इमारतीएवढा! युरोपांतील खेळाडूंनीं यावर तोड काढली आहे. ते एका मूर्तीमागें वीस-तीस माणसें धरतात. तोच संकेत येथें घेतला तर खोक्यांतल्या पंचवीस मावळ्यांची पांचशेंची शिबंदी होते, आणि ती एका गडास कांहीं कमी नव्हे.

खारघर ज्या जिल्ह्यांत येतें त्याचें कुलाबा हें नांव १९८१ सालीं बदलून रायगड झालें, आणि तेथील बहुतेक आवारांत रायगड किंवा प्रतापगडच उठतो. परंतु खारघरच्या अगदीं शेजारीं, पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं, बेलापूरचा किल्ला आहे. सिद्दी, पोर्तुगीज व मराठे यांच्या हातांतून तो गेला आणि १८१७ सालीं कंपनीच्या फौजेनें घेतला. आज तेथें पडका बुरूज व भिंतींचे अवशेष तेवढे आहेत. त्यास उंच डोंगर नको, कीं अळिवाचें मोठें रान नको. निळ्या कागदाची खाडी, कांठावर ठेंगणा बुरूज, कागदाचीं दोन गलबतें आणि जाळें घेतलेले चार कोळी पुरेत. सिडकोनें १९७० नंतर शहर वसविण्यापूर्वीं या भागांत जीं गांवें होतीं, तेथील मुलांच्या पणज्यांनीं खाडी अशीच पाहिली असेल. असा देखावा करण्यास खर्च नाहीं. एक रविवार काढून आधीं तेथवर जाऊन यावें लागतें, इतकेंच.

तुळशीचें लग्न आटोपलें म्हणजे माती बागेंत परत जाते आणि मूर्ती पुसून पुन्हां खोक्यांत निजतात. सर्वांत वर जागा ठेवावी ती घरीं केलेल्या चित्रांना, कारण तीं भाजलेलीं नसतात व भार सोसत नाहींत. झांकणावरच्या जुन्या यादीखालीं मग पेन्सिलीनें नवीं नांवें चढतात: सबनीस एक, कारखानीस एक, लांकडी तोफा दोन, गलबतें दोन, कोळी चार, पैकीं एकाचें जाळें फाटलें आहे.