चंद्रावरचा गोल्फ आणि ‘सहापट’चे उत्तर

हार्बर मार्गावरच्या आमच्या स्टेशनाच्या नावात ‘ग्रीन’ हा शब्द आहे, पण तिथे गवताची काडी शोधावी लागते. हे नाव मूळचे कोटातले. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मोकळ्या जागेवर एकेकाळी कापसाच्या गासड्या रचल्या जात, म्हणून ती ‘कॉटन ग्रीन’. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलला आणि १९२० च्या दशकात शिवडी-माझगावच्या भराव घातलेल्या जमिनीवर आला. हिरवळ मागे राहिली, नाव तेवढे सोबत आले.

गोल्फच्या खेळातही ‘ग्रीन’ असते, हे आम्हा चाळीतल्या मुलांना १९७१ च्या फेब्रुवारीत प्रथम कळले. अपोलो-१४ चे कप्तान ॲलन शेपर्ड चंद्रावर गोल्फ खेळल्याची बातमी तेव्हा वर्तमानपत्रात आली होती. मी सातवीत होतो. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, त्यामुळे चंद्रावरचा तो फटका आम्ही पाहिला नाही, फक्त वाचला. खरे सांगायचे तर त्या दिवसांत आमचे कान वेस्ट इंडीजकडे लागले होते. दादरच्या अजित वाडेकरांचा संघ तिकडे गेला होता आणि त्याच महिन्यात किंग्स्टनला दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. चंद्रावरचा चेंडू किती लांब गेला असेल, असे आमच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी क्षणात उत्तर दिले : चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहावा हिस्सा, म्हणून चेंडू सहापट लांब.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि हेच उत्तर वीसेक वर्षे देत राहिलो. उत्तरपत्रिकांत त्याला पूर्ण गुणही दिले. या उत्तराला पहिला धक्का दिला तो नववीतल्या एका मुलाने. तो गोदामांच्या मागच्या गल्लीत टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करायचा. त्याने विचारले, “सर, चंद्रावर चेंडू स्विंग होईल का?” मी म्हटले, “नाही. स्विंगला हवा लागते.” आणि हे बोलताबोलताच माझ्या लक्षात आले, की ‘सहापट’ म्हणताना मी हवेचा विचार कधी केलाच नव्हता.

गंमत अशी, की नेमका हाच प्रश्न चंद्रावर त्या दिवशीच निघाला होता, आणि तोही थट्टेत.

६ फेब्रुवारी १९७१. शेपर्ड आणि एडगर मिचेल यांची फ्रा मॉरो भागातली दुसरी आणि शेवटची फेरी संपत आली होती. स्टुअर्ट रूसा वर यानातून चंद्राभोवती फिरत होते. शेपर्ड तेव्हा ४७ वर्षांचे. १९६१ साली अंतराळात जाणारे ते पहिले अमेरिकन, पण कानाच्या विकाराने अनेक वर्षे त्यांचे उड्डाण बंद होते. शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा उभे राहिले. गोल्फची कल्पना त्यांना सुचली विनोदी नट बॉब होप गोल्फची काठी हातात घेऊन नासाच्या केंद्रात आले होते तेव्हा. ह्यूस्टनच्या एका गोल्फ व्यावसायिकाकडून त्यांनी ‘सिक्स आयर्न’ काठीचे टोक असे बनवून घेतले, की ते मातीचे नमुने उचलण्याच्या दांड्याला बसेल. केंद्राचे संचालक रॉबर्ट गिलरुथ यांना त्यांनी शब्द दिला होता, की मोहिमेत सगळे नीट पार पडले तरच शेवटी हा खेळ होईल. ते टोक आणि दोन चेंडू घेऊन शेपर्ड चंद्रावर उतरले.

फुगलेल्या अंतराळपोशाखात दोन्ही हात काठीवर आणणे जमेना, म्हणून त्यांनी एका हाताने फटके मारले. पहिल्यांदा चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली, हे मिचेल यांनी लगेच ऐकवले. नंतर चेंडू निघाला तो वाकडा. पृथ्वीवरून फ्रेड हेझ यांनी टोमणा मारला, की हा तर ‘स्लाइस’ दिसतो. गोल्फमध्ये स्लाइस म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू हवेत उजवीकडे वळत जाणे. दुसरा चेंडू बरा लागला आणि शेपर्ड म्हणाले, गेला, मैल अन् मैल अन् मैल!

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न हेझ यांच्या टोमण्याला लावून पाहा. चंद्रावर स्लाइस होऊच शकत नाही. काठीचे पाते तिरके लागले तर चेंडू उजवीकडे जाईल, पण त्याच उभ्या प्रतलात सरळ जाईल, वाटेत वळणार नाही. वळवायला तिथे हवाच नाही. स्विंग नाही, फिरकी गोलंदाजाचा हवेतला ‘ड्रिफ्ट’ नाही. पद्माकर शिवलकरांचा चेंडू फलंदाजाच्या अंदाजाआधीच खाली येई, तो प्रकारही नाही. टप्पा पडल्यावर चेंडू थोडाफार वळेल, कारण जमिनीचे घर्षण आहे. मात्र चेंडू जमिनीवर हलकाच टेकणार, त्यामुळे घर्षणही कमीच.

फिरणारा चेंडू हवेत वळतो हे टेनिसच्या चेंडूबाबत न्यूटनने १६७२ मध्येच नोंदवले होते. पण गोल्फच्या चेंडूचा कसून अभ्यास केला तो एडिंबरा विद्यापीठातले प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्यांना घरातच प्रयोगाचा विषय मिळाला होता. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ चा ब्रिटनचा हौशी विजेता. टेट यांना कोडे पडले, की चांगला फटका बसलेला चेंडू हिशेबापेक्षा जास्त वेळ हवेत कसा राहतो? कधीकधी तर त्याचा मार्ग सुरुवातीला वरच्या बाजूस वाकलेला दिसतो. नुसत्या गुरुत्वाकर्षणाखाली असे होणे शक्य नाही. त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली आणि फटक्यानंतर फितीला किती पीळ पडले ते मोजले. चेंडू उलटी फिरकी घेऊन निघतो, म्हणजे त्याची वरची बाजू मागे फिरत असते, आणि ही फिरकी त्याला हवेत उचलून धरते, हे त्यांनी दाखवले. बापाने गणिताने ठरवलेली कमाल मर्यादा मुलाने मैदानात मोडली, अशी एक गोष्ट गोल्फवाले आवडीने सांगतात. ती फारशी धरून चालू नये, कारण मुलाच्या त्या फटक्याच्या आधीच फिरकीचे महत्त्व टेट यांनी स्वतः ओळखले होते.

थोडे आकडे घेऊ. व्यावसायिक खेळाडूच्या फटक्याने चेंडू सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने सुटतो. चेंडूचे वस्तुमान ४६ ग्रॅम, म्हणजे पृथ्वीवर त्याचे वजन साधारण ०.४५ न्यूटन. एवढ्या वेगाला हवेचा रोध सुमारे १ न्यूटन होतो! म्हणजे चेंडूला खाली ओढणाऱ्या बलापेक्षा त्याला मागे खेचणारे बल दुपटीहून अधिक असते. आमच्या पाठ्यपुस्तकी गणितात जी हवा आपण ‘नगण्य’ म्हणून सोडून देतो ती इथे गुरुत्वाकर्षणालाही भारी आहे. दुसरीकडे फिरकीमुळे मिळणारी उचल सुरुवातीला चेंडूच्या वजनाइतकी किंवा त्याहून थोडी जास्त असते. एक बल लुटते, दुसरे काही अंशी भरपाई करते, आणि चेंडू सुमारे २५० मीटरवर पडतो.

हवाच नसती तर? पल्ला म्हणजे v² sin २θ भागिले g. वेग ७०, कोन ४५ अंश आणि g ९.८ घेतला तर पृथ्वीवरच ५०० मीटर होतात. चंद्रावर g १.६२ आहे, म्हणून पल्ला ३,००० मीटरच्या थोडा पुढे. म्हणजे मैदानावरच्या खऱ्या फटक्याच्या सहापट नव्हे, बारापट. चेंडू सुमारे ७५० मीटर उंच जाईल आणि एक मिनिटभर वर राहील. कॉटन ग्रीन स्टेशनावरून उत्तरेला मारला तर तो हिंदमाता ओलांडून दादरच्या अलीकडे पडेल. चंद्रावर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम अडीच किलोमीटरवर असते, तेव्हा हा चेंडू मारणाऱ्याला पडताना दिसणारही नाही.

पण कोन जपला पाहिजे. पृथ्वीवर ‘ड्रायव्हर’ काठीने चेंडू १०-११ अंशांतच सोडतात, कारण पुढची उचल फिरकी करते. तोच फटका चंद्रावर तसाच मारला तर फिरकी वाया जाते आणि चेंडू सुमारे १,१०० मीटरवर, म्हणजे कॉटन ग्रीनहून रे रोड स्टेशनपर्यंत पोचतो. आयुष्यभर कमावलेली लकब चंद्रावर नडते. चेंडूच्या अंगावरचे खळगेही तिथे निरुपयोगी, कारण ते आहेत हवेसाठी.

मग शेपर्ड यांचा चेंडू किती गेला? अनेक वर्षे याचे उत्तर त्यांच्या शब्दांवर अवलंबून होते, आणि नंतर त्यांनी स्वतःच तो आकडा मैलांवरून काहीशे यार्डांवर आणला होता. त्या घटनेला ५० वर्षे झाली तेव्हा, २०२१ साली, अँडी सॉन्डर्स या ब्रिटिश छायाचित्र-तज्ज्ञाने मोहिमेच्या मूळ फिल्मवरून केलेल्या प्रतिमा उजळून दोन्ही चेंडू शोधून काढले. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेल्या चित्रांवरून त्याने अंतराचे मापही बसवले. एक चेंडू २४ यार्डांवर होता आणि दुसरा ४० यार्डांवर. म्हणजे २२ आणि ३७ मीटर. आपल्या लोकलच्या दोन डब्यांएवढेही नाही.

शेपर्ड थापा मारत होते असे मला वाटत नाही. थट्टेचा भाग सोडला तरी चंद्रावर अंतराचा अंदाज येतच नाही. आपल्याकडे दूरच्या गोष्टी हवेतल्या धुरकटपणामुळे पुसट दिसतात आणि मध्ये झाडे, खांब, इमारती असतात, त्यांवरून डोळा माप काढतो. शिवडीच्या खाडीकडे पाहताना आपण नकळत हेच करतो. चंद्रावर जवळचा खडक आणि लांबचा डोंगर सारखाच ठसठशीत दिसतो. त्याच फेरीत, गोल्फच्या आधी, शेपर्ड आणि मिचेल ‘कोन’ नावाच्या विवराच्या काठावर जायला निघाले होते. विवर तीनशे मीटरहून रुंद. त्यांना ते सापडले नाही, दमून ते परत फिरले. आणि नंतर नकाशांवरून कळले, की काठापासून ते अवघ्या तीसेक मीटरवर होते. ज्या दिवशी एवढे विवर हुकले त्याच दिवशी त्यांनी एका पांढऱ्या चेंडूचे अंतर डोळ्यांनी सांगितले.

३७ मीटरवरून आपण उलटे गणित करू शकतो. कोन २५ अंशांच्या आसपास धरला आणि घरंगळणे सोडून दिले, तर चेंडूचा वेग सेकंदाला ९ मीटरच्याही आत येतो. ताठर पोशाख, एकच हात आणि खाली धूळ, यांपुढे गुरुत्वाकर्षणाने दिलेली सवलत फारशी उरली नाही. इतक्या कमी वेगाला पृथ्वीवर हवेचा रोध खरोखरच नगण्य असतो. हाच फटका आमच्या चाळीच्या अंगणात मारला असता तर चेंडू ६ मीटर गेला असता. सहा सक ३६! माझ्या सरांचे उत्तर कसलेल्या खेळाडूसाठी चूक आणि शेपर्ड यांच्या अडखळत्या फटक्यासाठी बरोबर. हे मला कळले ते निवृत्तीनंतर.

चंद्रावर हवा नसल्याचा हिशेब मुंबईतही झाला आहे. विश्वकिरणांना अडवायलाही तिथे काही नाही. ते थेट खडकात घुसतात आणि खनिजांत सूक्ष्म माग सोडतात. रसायनाने हे माग खोदून मोठे केले की सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. अपोलोने आणलेल्या चंद्रशिलांवर हे काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. संस्था कुलाब्याला, म्हणजे आमच्या कॉटन ग्रीनच्या जुन्या मुक्कामी.

वर्गात करून पाहण्यासारखी एक गोष्ट सांगतो. मैदानावर टेनिसचा चेंडू फेकायला लावा, पल्ला R पावलांनी किंवा टेपने मोजा आणि हवेतला वेळ t घड्याळाने. चेंडू सुटण्याची आणि पडण्याची उंची सारखी असावी, म्हणून गुडघा टेकून फेकणे बरे. tan θ = gt² ÷ २R यावरून कोन निघतो. समजा ३० मीटर आणि २.२ सेकंद आले, तर कोन ३८ अंश आणि वेग सेकंदाला सुमारे १७ मीटर. मग तीच फेक चंद्रावर नेऊन १८० मीटरवर खूण करायला सांगा. मैदान पुरत नाही, मुले कुंपणाबाहेर धावतात, हा अनुभव आहे.

शेपर्ड यांची काठी अमेरिकन गोल्फ संघटनेच्या न्यू जर्सीतल्या संग्रहालयात आहे. दोन्ही चेंडू अजून तिथेच पडून आहेत. मिचेल यांनी त्याच वेळी सौरवात-प्रयोगाचा दांडा भाल्यासारखा फेकला होता. तो एका उथळ विवरात पडला, आणि शेपर्ड यांचा एक चेंडूही त्याच विवरात आहे. छायाचित्रात भाला चेंडूच्या किंचित पुढे दिसतो. काठीने मारलेल्या चेंडूपेक्षा हाताने फेकलेला दांडा लांब का गेला असेल, हा प्रश्न मी आता ‘सहापट’च्या जागी विचारतो.