काळी, पांढरी आणि पेवाची माती

हुपरी म्हटली म्हणजे वाचकांच्या मनांत चांदीचे पैंजण रुणझुणूं लागतात. तेथील मातीकडे लक्ष देण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. तथापि पंचगंगा व दूधगंगा ह्यांच्या मधल्या ह्या मुलुखांत, दख्खनेंतील इतर प्रदेशांप्रमाणेंच, गांवच्या भूमीचे दोन भाग परंपरेनें मानीत आले आहेत. पिकते ती काळी आणि वसते ती पांढरी. हा भेद केवळ रंगाचा किंवा महसुलाचा आहे असें समजणें बरोबर होणार नाहीं. माती पाण्याशीं कशी वागते, ह्याचें पिढ्यान्‌पिढ्यांचें निरीक्षण त्यांत सांठविलेलें आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मातीच्या ह्या वागणुकीचा सर्वांत भीषण धडा जगास मिळाला तो चीन देशांत. तेथील पीतवर्ण मृत्तिकेस शास्त्रज्ञ 'लोएस' म्हणतात. हा शब्द ऱ्हाइन नदीच्या कांठच्या बोलींतला असून त्याचा अर्थ 'मोकळी' असा आहे. रिश्टहोफेन ह्या जर्मन भूगोलज्ञानें १८६८ ते १८७२ पर्यंत चीनमध्यें प्रवास केला आणि ही माती पाण्यानें नव्हे तर वाऱ्यानें आणून टाकली, असा सिद्धान्त १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला. तिचे कण पिठासारखे बारीक. बहुतेक एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते विसाव्या हिश्शाएवढे. ते एकमेकांस घट्ट चिकटून बसलेले नसतात. त्यांचे कोपरे तेवढे टेकलेले, आणि त्या टेकण्याच्या जागीं चिकणमातीचा व चुन्याचा किंचित् सांधा. जवळजवळ निम्मी जागा पोकळच! कोरडेपणीं हा सांधा इतका पक्का असतो कीं, मातीचे कडे भिंतीसारखे सरळ उभे राहतात, आणि लोक त्यांत गुहा कोरून संसार थाटतात. पाणी शिरलें कीं सांधे सुटतात, कण पोकळींत कोसळतात, आणि जमीन एकाएकीं खचते. भूकंपाचा धक्का बसला तर कोरड्या उतारांचीही तीच गत होते. २३ जानेवारी १५५६ रोजीं शेन्शी प्रांतांत झालेल्या भूकंपांत सुमारें ८ लक्ष ३० हजार माणसें दगावलीं, असें चिनी बखरी सांगतात. त्यांतील असंख्य अशा गुहांतच गाडलीं गेलीं. १६ डिसेंबर १९२० च्या हाययुआन येथील भूकंपानेंही दोन लक्षांहून अधिक बळी घेतले.

भारतांत लोएस काश्मीरच्या करेव्यांवर सांपडते. दख्खनेंत ती नाहीं. पण तिच्या वागणुकीची आठवण करून देणारी माती पाहावयास हुपरीहून फार दूर जावें लागत नाहीं. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर हें गांव आहे. तेथील माती वाऱ्यानें नव्हे, नदीनें आणलेली आहे. तथापि तीही खोल खणली असतां विटादगडांच्या आधाराविना उभी राहते. ह्या गुणावरच हळदीच्या पेवांचा प्रसिद्ध व्यवहार उभा राहिला. तोंड अरुंद, पोट मोठें, अशा ह्या खड्ड्यांत पाचटाचें अस्तर देऊन हळद भरीत व तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंतील हवा कोंडून प्राणवायु संपे, म्हणून कीड जगत नसे, आणि माल वर्षानुवर्षें टिके. पेव उघडल्यावर आंत माणूस उतरण्यापूर्वीं दिवा सोडून हवेची परीक्षा करीत. मात्र २००५ सालच्या महापुरांत कृष्णेचें पाणी पेवांत शिरलें आणि त्यांतील बरींच ढासळलीं. कोरडेपणीं ज्या मातीनें कोट्यवधींची हळद सांभाळली, तीच ओली होतांच स्वतःला सांवरूं शकली नाहीं.

आतां काळीकडे वळूं. तिचा स्वभाव लोएसच्या नेमका उलट आहे. लोएस भिजली कीं बसते, काळी भिजली कीं फुगते. आणि उन्हाळ्यांत ती आकसून अशी फाटते कीं भेगेंत हात सहज जावा. वरची भुसभुशीत माती ह्या भेगांत पडून खालवर होते, म्हणून काळी स्वतःच स्वतःची नांगरट करते असें म्हणतात. तिचा काळा रंग कुजलेल्या वनस्पतींचा असावा, असा एकोणिसाव्या शतकांतील कित्येक भूशास्त्रज्ञांचा तर्क होता. परंतु तिच्या फुगण्याचें रहस्य रंगांत नाहीं. बेसाल्ट खडक झिजून जी चिकणमाती बनते, तींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज विपुल असतें. फ्रान्समधील एका गांवावरून त्यास १८४७ सालीं हें नांव मिळालें. आणि १९३३ सालीं हॉफमन, एन्डेल व विल्म ह्यांनीं त्याची घडण उलगडली. पोथीच्या पानांसारखे त्याचे पापुद्रे असतात. पाणी पानांच्या मध्यें शिरतें आणि पोथी जाड होते. अशा भूमीवर बांधलेलें हलकें घर दर पावसाळ्यांत उचललें जातें व दर उन्हाळ्यांत बसतें, आणि तेंही सर्वत्र सारखें नव्हे. म्हणून भिंती तडकतात.

पांढरी मात्र बहुतांशीं निसर्गानें दिलेली नव्हे, वस्तीनें घडविलेली आहे. चुलींची राख, पडक्या भिंतींची माती, चुना, शेणखत ह्यांचे थर शतकानुशतकें सांचून ती उंच होते. तिच्यांत फुगणारी चिकणमाती कमी. म्हणूनच भिंतींस व धाब्यांस तीच पसंत पडे. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी अशाच थरांची आहे. १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित ह्यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालापासून बहामनी काळापर्यंतची वस्ती एकीवर एक रचलेली आढळली. जुन्या पांढरीवर पुनःपुन्हां वसण्याची ही चाल केवळ रूढीची नव्हे, सोयीचीही होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मृत्तिकेच्या बलाचें आधुनिक शास्त्र टर्झागीच्या १९२५ सालच्या ग्रंथापासून सुरू झालें असें मानतात. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. कट्टी ह्यांनीं काळीवर दीर्घ संशोधन केलें. न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारें एक मीटर जाडीचा थर काळीवर दाबून बसविला असतां तिचें फुगणें आंवरतें, असें त्यांनीं दाखविलें. बेळगांवकडील मलप्रभेच्या कालव्यांवर हा उपाय योजण्यांत आला. जोत्याखालीं मुरूम भरणाऱ्या आपल्या गवंड्यांस ह्या विचाराची दिशा अगदींच अपरिचित नव्हती.

आज गांवठाणें अपुरीं पडून घरें व कारखाने काळीवर पसरत आहेत. शास्त्राच्या साहाय्यानें काळीवरही निर्धास्त राहतां येतें. परंतु त्यासाठीं पाया खोल न्यावा लागतो, पावसाचें व सांडपाणी घरापासून दूर काढावें लागतें, आणि मुख्य म्हणजे पायाखालीं कोणती माती आहे हें आधीं विचारावें लागतें. पूर्वीं हा प्रश्न पुसण्याची गरज नसे, कारण जमिनीच्या नांवांतच त्याचें उत्तर होतें. नांवांचा अर्थ विसरून आपण घरें मात्र बांधीत राहिलों, तर भिंतींवरील तडे तो अर्थ पुन्हां वाचून दाखवितील.