नाताळची पक्षिगणना

हिवाळ्यांतील पहांटे दहा-पंधरा माणसें एका जाणत्याच्या मागोमाग दबक्या पावलांनीं रानांतून चालतात, त्यानें हात वर करतांच थबकतात, आणि दिसलेला पक्षी वहींत टिपून घेतात. हें दृश्य आतां आपल्याकडेहि नवें नाहीं. परंतु या सौम्य छंदाचें मूळ शोधूं गेल्यास तें पारधींत सांपडतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाताळांत एक खेळ चाले. मंडळी दोन तट पाडून रानांत शिरत, दिसेल त्या पशुपक्ष्यावर बंदूक चालवीत, आणि ज्या तटाचा ढीग मोठा तो जिंके. शहरांतील सभ्य समाज कांहीं मागें नव्हता. १८८६ मध्यें फ्रँक चॅपमन या तरुणानें न्यूयॉर्कच्या बाजारपेठेंत दोन दुपारीं हिंडून स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकीं ५४२ टोप्या पिसांनीं नटलेल्या होत्या, आणि त्यांत त्यानें सुमारें ४० जाती ओळखल्या! पक्षिनिरीक्षणाची ही फेरी भर शहरांत व्हावी आणि त्यांतील प्रत्येक पक्षी मेलेला असावा, हें त्या काळाचें यथार्थ चित्र होय.

याच चॅपमननें पुढें ‘बर्ड-लोअर’ मासिकांतून १९०० च्या डिसेंबरांत वाचकांस सुचविलें कीं, नाताळांत पक्षी मारूं नयेत, मोजावे. २५ ठिकाणीं मिळून २७ माणसें बाहेर पडलीं. त्यांनीं सुमारें ९० जातींचे १८,५०० पक्षी नोंदविले. हा आंकडा कौतुकानें सांगितला जातो. मला त्यांत बहुतेकांचें एकटेपण अधिक जाणवतें. मारलेला पक्षी हातांत असतो, त्याची चोंच मोजतां येते. एकट्यानें नुसत्या पाहिलेल्या पक्ष्याला पुरावा कोणता? जुन्या पक्षिशास्त्राची ही शंका गैरवाजवी नव्हती.

फ्लॉरेन्स मेरियम हिनें १८८६ मध्यें स्मिथ कॉलेजांतील मैत्रिणींना निसर्गलेखक जॉन बरोज यांच्याबरोबर रानांत नेलें, व १८८९ मध्यें नाटकगृहांतील लहान दुर्बिणीनें पक्षी पाहण्यावर पुस्तक लिहिलें. तरी विद्वानांत प्रमाण बंदुकीचेंच राहिलें. तें ढळविण्यांत लडलो ग्रिस्कमचा वांटा मोठा. पंखावर पट्टा होता काय, शेपटीची कड पांढरी होती काय, आणखी कोणीं पाहिला, अशी उलटतपासणी तो तरुणांच्या नोंदींची घेई. त्या तालमींत वाढलेल्या रॉजर टोरी पीटरसननें १९३४ च्या आपल्या पुस्तकांत ओळखीच्या खुणांवर चक्क रेघा ओढून दाखविल्या. समूहानें हिंडण्याचें प्रयोजन हेंच: बंदुकीच्या जागीं साक्षीदार आले. हिवाळाहि सोयीचा. झाडें निष्पर्ण, स्थलांतर बव्हंशीं संपलेलें. एकच पक्षी दोन गांवीं मोजला जाण्याचें भय कमी.

आपले सालीम अली हेहि, पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख पटविण्यासाठींच १९०८ मध्यें बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले होते!

ती नाताळची गणना अजून दरवर्षीं १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या अवधींत, १५ मैल व्यासाच्या ठरीव वर्तुळांत होते. अशा व इतर नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनीं २०१९ मध्यें दाखविलें कीं, १९७० पासून संयुक्त संस्थानें व कॅनडा यांतील सुमारें २९० कोटी पक्षी कमी झाले. त्यांत चिमण्यांसारखे सामान्य पक्षीच पुष्कळ होते. त्यांच्यासाठीं कोणी मुद्दाम वाट वांकडी केली नव्हती; केवळ संख्या लिहावयाची म्हणून ते वर्षानुवर्षें वहींत उतरले होते.